कॉफीत काय बुडवलं?

‘रुग्णाने चुकीची माहिती दिली.’ अहवालाच्या मसुद्यातले हे एवढेसे वाक्य. पण ते वाचून डॉ. हेल्मी रांतालाने कागद ज्या रीतीने टेबलावर उपडा ठेवला, त्यावरून आजची बैठक सुखासुखी आटोपणार नाही हे मला कळून चुकले.

मी या इस्पितळाचा पॅथॉलॉजिस्ट आणि या समितीचा चिटणीस. ज्या शस्त्रक्रियेत काही विपरीत घडले असेल तिच्याविषयी आम्ही डॉक्टर मंडळी महिन्यातून एकदा दार लावून बसतो आणि असे का घडले ते शोधतो. कोणालाही दोष द्यायचा नाही आणि आतले बोलणे बाहेर न्यायचे नाही, असे आमचे दोन नियम आहेत. नियम उत्तम आहेत. मात्र दोष कोणाला द्यायचा नाही अशी शपथ घेऊन बसलेल्या माणसांनाही दोष ठेवण्यापुरती एक गैरहजर व्यक्ती लागतेच, आणि बेशुद्ध रुग्णाइतके पूर्णपणे गैरहजर या जगात दुसरे कोणी नसते.

या खेपेचा गैरहजर म्हणजे राउनो हायकीला. अमेरिकेतल्या सुपीरियर सरोवराच्या दक्षिण काठावरच्या आमच्या गावात त्याला न ओळखणारा मनुष्य नाही, कारण हिवाळ्यात आम्ही घराबाहेर पडू शकतो ते त्याच्यामुळे. तो काउंटीचा बर्फ सारण्याचा ट्रक चालवतो. त्याला हर्नियाचा त्रास होता. खरा बर्फ पडायच्या आत ऑपरेशन उरकून पुन्हा ट्रकवर चढायचे, असा त्याचा बेत होता. शस्त्रक्रिया साधी होती. भूल दिल्यावर काही क्षणांतच त्याच्या पोटातले अन्न वर आले आणि श्वासाबरोबर फुप्फुसांत उतरले. तेव्हापासून तो अतिदक्षता विभागात यंत्राच्या आधाराने श्वास घेतो आहे. फुप्फुसे आतून भाजल्यासारखी झाली आहेत. तो जगेल की नाही हे सांगता येत नाही, असे आम्ही लोकांना सांगतो. आपापसात तेही बोलत नाही.

आता हेल्मीविषयी. तिचे वडील लोखंडाच्या खाणीत होते. ती आणि मी एकाच शाळेत शिकलो. डेट्रॉइटला जाऊन ती भूलतज्ज्ञ झाली, तिथल्या मोठ्या इस्पितळातली जागा सोडून गावी परतली, आणि गेली कित्येक वर्षे या गावातली निम्मी माणसे तिने झोपवली व परत उठवली. या व्यवसायाचा विचित्र न्याय असा की, सर्जनने काय केले ते व्रणाच्या रूपाने जन्मभर दाखवता येते, आणि भूलतज्ज्ञाने आपले काम उत्तम केले याचा पुरावा म्हणजे काहीही न घडणे. जे घडले नाही त्याचे आभार कोणी मानत नाही. हेल्मीला त्याचा खेद नव्हता. तिचा आग्रह वेगळ्याच गोष्टीसाठी असे: झोपवायच्या आधी त्या माणसापाशी खुर्ची ओढून बसायचे. उभ्याने नाही, बसून. हात चोळून ऊबदार करायचे, मगच त्याच्या जबड्याला लावायचे. तोंड उघडायला सांगायचे, मान मागे टाकायला सांगायची, घरी काय नावाने हाक मारतात ते विचारायचे, कारण शुद्धीवर येताना माणसाला कागदावरचे नाव ओळखू येत नाही. आणि सर्वांत शेवटी, अगदी सहज विचारल्यासारखे, “बरं, सकाळी कॉफीत काय बुडवलं?”

हा प्रश्न तिला कोणत्याही विद्यापीठाने शिकवला नव्हता. आमच्याकडे फिनलंडहून आलेल्यांची तिसरी-चौथी पिढी नांदते आहे आणि या लोकांच्या रक्तातून कॉफी वाहते. कॉफीबरोबर दालचिनी-साखर लावलेला, दोनदा भाजलेला कडक टोस्ट असतोच. तो बुडवून, मऊ करून तोंडात टाकायचा. डब्यात हात घालताना कोणी मोजत नाही, आणि पोटात गेल्यावर त्याला ‘खाल्ले’ असे कोणी म्हणत नाही. खाणे म्हणजे ताट, काटा, बटाटे. शस्त्रक्रियेपूर्वी उपाशी राहायचे असते, बिनदुधाची कॉफी तेवढी चालते. आमचा माणूस हा नियम अगदी प्रामाणिकपणे पाळतो आणि टोस्ट बुडवत राहतो. हेल्मीच्या त्या एका प्रश्नाने किती शस्त्रक्रिया दुपारपर्यंत पुढे गेल्या आणि किती सर्जन तिच्यावर चिडले, ते मला ठाऊक आहे. तो प्रश्न विचारल्यावर रुग्ण हमखास ओशाळून हसत असे आणि म्हणत असे, “ते होय? ते काय, दोन-तीन असतील.”

मग दक्षिणेकडच्या एका कंपनीने इस्पितळ विकत घेतले. तिने पाठवलेले उपाध्यक्ष ब्रॅडफर्ड केंड्रिक टेनेसीचे. नम्र, नीटनेटके आणि कोणाचेही नाव न विसरणारे गृहस्थ. हेल्मीसारख्या अनुभवी डॉक्टरने प्रत्येक खाटेपाशी खुर्ची टाकून बसणे ही उधळपट्टी आहे, असे त्यांना वाटले. तेव्हा रुग्णाची विचारपूस आदल्या संध्याकाळी आणि पुन्हा पहाटे दूरच्या राज्यातल्या केंद्रातून फोनवर होऊ लागली, आणि हेल्मीला एकाच वेळी चार ऑपरेशन थिएटरांवर देखरेख करण्याचे काम मिळाले. ती या बदलाविरुद्ध भांडली. केंड्रिकनी शांतपणे ऐकून घेतले, आणि ऐकून घेणे हेच उत्तर आहे असे मानून ते निघून गेले.

राउनोच्या शस्त्रक्रियेच्या दिवशी ती दुसऱ्या थिएटरात एका बाळंतिणीपाशी होती. राउनोला भूल दिली ती महिनाभरासाठी आलेल्या एका तरुण डॉक्टरने. त्याच्या पुढ्यात केंद्राचा निरोप होता: काही खाल्ले नाही, बिनदुधाची कॉफी घेतली. धोक्याची घंटा वाजली तेव्हा हेल्मी धावत आली, राउनोचे डोके खाली केले, त्याच्या श्वासनलिकेत नळी घालून आतले ओढून काढू लागली. त्यानंतर तिने मला जे सांगितले ते मी विसरू शकत नाही. ती म्हणाली की, नळीतून काय येते आहे ते दिसायच्या आधी तिला वास आला. दालचिनीचा. आईच्या स्वयंपाकघराचा वास, आणि तो एका माणसाच्या फुप्फुसातून येत होता.

तिचा संताप मात्र त्या दिवशी पेटला नाही. तो पेटला नंतर, अतिदक्षता विभागात. केंड्रिकनी राउनोच्या बायकोला, आयलीला, स्वतः भेटून धीर दिला होता. आणि धीर देता देता, तिच्या नवऱ्याने खाल्ल्याचे लपवले होते, हेही सांगितले होते. आयली खाटेशेजारी मोजा विणत बसलेली असे. हेल्मी राउनोला तपासायला गेली तेव्हा आयली सुयांवरून नजर न काढता नवऱ्याशी बोलत होती. “खोटारड्या,” ती म्हणत होती. “एवढ्या वर्षांत कधी खोटं बोलला नाहीस, आणि बोललास ते इथे. मेलास तर मी तुला माफ करायची नाही.”

म्हणून हेल्मीने तो कागद उपडा ठेवला. तिला त्या तरुण डॉक्टरची नोकरी वाचवायची नव्हती, आणि आपली तर नव्हतीच. यंत्र थांबायच्या आत एका बाईच्या मनातून तो शब्द काढायचा होता. आणि इस्पितळाच्या अहवालात तो छापून निघाला की मग काढता येणार नव्हता.

बैठकीला कंपनीच्या वतीने आलेले केंड्रिक धरून आम्ही सहा-सातजण होतो. मधोमध कॉफीचे भांडे होते आणि आमच्या गावच्या कोणत्याही बैठकीत असते तशी टोस्टची परडीही होती. केंड्रिकनी मसुदा वाचून दाखवला. हेल्मीने ते वाक्य काढून टाकण्याची मागणी केली आणि कारण सांगितले. माझ्या अंदाजाने केंड्रिकना त्यातले अर्धेही कळले नसावे, कारण ते भले गृहस्थ कॉफी पितात ती नुसतीच. त्यांनी उत्तर दिले ते मात्र अतिशय रेखीव होते. रुग्णाला विचारले की काही खाल्ले का; रुग्ण नाही म्हणाला; प्रत्यक्षात त्याने खाल्ले होते; सबब त्याने दिलेली माहिती चुकीची होती. ‘खोटी’ असे आपण कुठेही लिहिलेले नाही, याकडेही त्यांनी लक्ष वेधले.

हा युक्तिवाद तर्काच्या दृष्टीने बिनतोड होता आणि मला त्याचीच चीड आली. तर्काला एवढेच पुरते की विधाने एकमेकांना धरून असावीत; ती माणसाला धरून आहेत की नाहीत, हे तर्क विचारत नाही. एखाद्याला त्याच्या भाषेत नसलेला गुन्हा विचारायचा, त्याने निष्पापपणे नाही म्हणायचे, आणि मग त्या ‘नाही’वर शिक्का मारून तो त्याच्याच कपाळी चिकटवायचा, ही व्यवस्था जितकी नेमकी तितकीच नीच आहे.

हेल्मी म्हणाली की राउनोच्या खाटेपाशी माणूस बसलेला असता तर त्याने पुढचा प्रश्न विचारला असता. केंड्रिक म्हणाले की फोनवरही माणूसच असतो. हेल्मी म्हणाली, असतो, पण त्याला राउनोच्या मिशीला लागलेला चुरा दिसत नाही.

या वेळी डॉ. वेन माकेला मध्ये पडला. राउनोवर शस्त्रक्रिया करणार होता तो हाच. वेन आमच्याच गावचा, उत्तम सर्जन आणि हेल्मीच्या त्या प्रश्नापायी सर्वांत जास्त खोळंबलेला माणूस. तो थकलेला दिसत होता. राउनोबद्दल त्यालाही वाईट वाटत होते, आणि वाईट वाटणाऱ्या माणसाला जी घाई असते ती त्यालाही होती. परडीतला टोस्ट कपात बुडवत तो म्हणाला, “हेल्मी, पुरे आता. राउनो काय कुक्कुलं बाळ आहे? पोटात काय टाकलं ते मोठ्या माणसाला कळू नये?”

हेल्मीने त्याच्याकडे पाहिले. आवाज जराही न चढवता तिने विचारले, “वेन, आज सकाळपासून तू काय खाल्लंस?”

“काय संबंध?”

“सांग ना. सरळ प्रश्न आहे. फोनवर विचारतात तसाच.”

“काही नाही,” वेन वैतागून म्हणाला. “उठल्यापासून थिएटरातच आहे. वेळ कुठे मिळतो? नुसती कॉफी.”

त्याच्या हातातल्या टोस्टचा भिजलेला तुकडा मोडून कपात पडला. त्या आवाजाने त्याने खाली पाहिले. खोलीत कोणी हसले नाही. माझ्याही बशीत एक अर्धा टोस्ट होता. तो मी केव्हा घेतला, हे मला प्रामाणिकपणे आठवेना.

केंड्रिक म्हणाले की हा प्रकार त्यांना उचित वाटत नाही. हेल्मी त्यांच्याकडे वळली आणि तोच प्रश्न त्यांना विचारला. सभ्य गृहस्थ असल्यामुळे त्यांनी उत्तर दिले: दोन अंडी, थोडे बेकन, ब्रेडचा एक भाजलेला स्लाइस आणि संत्र्याचा रस.

“बघा,” हेल्मी म्हणाली, “तुम्हाला कसं सगळं आठवतं. तुमचा प्रश्न तुमच्यासारख्या माणसाला बरोबर लागू पडतो, मिस्टर केंड्रिक. पण तुम्ही आमच्याकडे टेबलावर झोपायला येत नाही. झोपतो तो राउनो. आणि राउनो खरं बोलला. वेन आत्ता जितकं खरं बोलला, तितकंच.”

वेनने कप दूर सारला. तो केंड्रिकना म्हणाला की ते वाक्य काढा. मग मान न वळवता हेल्मीला म्हणाला, “दर वेळी तू माझी केस पुढे ढकललीस की मी घरी जाऊन बायकोपाशी तुला शिव्या घालायचो.”

“माहीत आहे,” हेल्मी म्हणाली. “तुझी बायको सांगते मला.”

केंड्रिकनी तडजोड पुढे केली. ‘संवादात त्रुटी राहिली’ असे लिहावे, त्यांनी सुचवले. हे शब्द मी मुद्दाम इथे नोंदवतो, कारण आमच्या काळाच्या सगळ्या भित्रेपणाचा अर्क त्यांत उतरला आहे: त्रुटी राहते, जशी खोलीत थंडी राहते, ती कोणी ठेवलेली नसते. हेल्मीने ती तडजोड नाकारली. ‘रुग्णाला योग्य प्रश्न विचारला गेला नाही’ असे लिहा, ती म्हणाली, आणि त्यापुढे, कोणी विचारायला हवा होता तेही लिहा. मत घेतले. पहिले वाक्य मंजूर झाले; दुसरे झाले नाही. फोनवरच्या चौकशीचा फेरविचार योग्य वेळी करू, असे केंड्रिक म्हणाले. योग्य वेळ केव्हा येते हे या देशात कंपनीच ठरवते.

उठता उठता त्यांनी हेल्मीला आठवण करून दिली, तीही सौजन्याने, की या खोलीतले बोलणे या खोलीतच राहायचे आहे. राउनोच्या कुटुंबाशी जे बोलायचे ते आता वकील बोलतील. आणि एखाद्या ज्येष्ठ सहकाऱ्याने ही मर्यादा ओलांडली तर तिच्या कराराचा फेरविचार त्यांना जड मनाने करावा लागेल. हेल्मीने चष्मा पुसला. “वास मला या खोलीत आला नाही, मिस्टर केंड्रिक,” ती म्हणाली. “तो मला थिएटरात आला. त्याच्यावर तुमचं दार लावता येत नाही.”

ती सरळ अतिदक्षता विभागाकडे निघाली आणि मी तिच्या मागोमाग गेलो. चिटणीस या नात्याने तिला आवरणे माझे कर्तव्य होते. जिन्यापर्यंत मी ते पार पाडले, त्यानंतर सोडून दिले.

आयली विणत होती. यंत्र राउनोची छाती वर उचलत होते आणि खाली सोडत होते. हेल्मीने खुर्ची ओढली आणि बसली. हात चोळून तिने ते आधी राउनोच्या कपाळाला लावले, मग आयलीच्या मनगटाला, त्यामुळे सुया थांबल्या.

“आयली, त्या दिवशी पहाटे राउनोनं कॉफी घेतली ना?”

“घेतली. बिनदुधाची. त्या फोनवाल्या मुलीनं चालते म्हणून सांगितलं, म्हणून दिली. त्यात लपवायचं काय?”

“आणि बुडवलं काय?”

आयलीचा चेहरा मी पाहत होतो. आधी त्यावर ते नेहमीचे ओशाळे हसू उमटू लागले, जे हेल्मीने हजार वेळा पाहिले असेल. आणि ते पुरते उमटायच्या आतच विझले. तिने लोकर मांडीवर ठेवली.

“डबा मीच पुढे केला,” ती म्हणाली. “तो उचलत नव्हता, मीच म्हटलं, अरे घे, दिवसभर उपाशी राहायचंय तुला. म्हणजे मी...”

“नाही,” हेल्मी म्हणाली, आणि इतका वेळ आवरून धरलेला तिचा आवाज आता चढला. “हे तू डोक्यात घ्यायचं नाहीस. ऐक माझं. टोस्ट त्याच्या पोटात होता, हे खरं आहे, मी तुला खोटं सांगणार नाही. पण झोपवायच्या आधी माणसाच्या पोटात काय आहे ते शोधून काढणं हा माझा धंदा आहे. बायकोचा नाही. त्याचाही नाही. जेवढं विचारलं तेवढ्याचं तुम्ही दोघांनी खरं उत्तर दिलंत. एवढी वर्षं मी या गावात प्रत्येकाला विचारत आले की बुडवलं काय. त्या दिवशी मला विचारू दिलं नाही. मला तिथून उठवलं.”

“कोणी उठवलं?”

हेल्मीने राउनोच्या अंगावरची चादर सारखी केली. नाव सांगायची गरजही नव्हती, कारण आयली मुळीच मंद नव्हती. धीर द्यायला कोण आले होते आणि धीराबरोबर काय देऊन गेले होते, याची सांगड ती घालत होती आणि तिच्या मानेवर लाली चढत होती. हा संताप मी ओळखत होतो. थोड्या वेळापूर्वी तो बैठकीच्या खोलीत होता. आता तो योग्य मालकिणीकडे आला होता.

ती उठली. खाटेवर वाकून तिने राउनोच्या मिशीवरून अंगठा फिरवला, जणू अजून तिथे चुरा असेल.

“खोटारडा म्हटलं ते परत घेते,” ती त्याला म्हणाली. “ऐकू आलं असलं तर हेही ऐक.”

यंत्राने छाती उचलली आणि सोडली. त्याला ऐकू आले की नाही, हे मला सांगता येत नाही. हेल्मीलाही सांगता आले नाही.

आयलीने विणकामाची पिशवी खांद्याला अडकवली, सुया तशाच बाहेर डोकावत होत्या, आणि ती आमच्याकडे वळली.

“तो टेनेसीवाला बसतो कुठे?”

वकिलांशिवाय तिने त्यांना भेटू नये, हे सांगणे माझ्या पदाला शोभले असते. मी हेल्मीकडे पाहिले. ती राउनोच्या उशाशी उभी राहून यंत्रावरचे आकडे वाचत होती, आणि तिने मान वर केली नाही.

“दुसरा मजला,” ती म्हणाली. “जिन्याच्या उजव्या हाताला. दारावर टकटक करायची गरज नाही.”